त्यांनाही धाप लागते

कारांगसेमी, पूर्व जावा
१२ फेब्रुवारी २०१६

दीक वुर्यानी,

सलाम. तुझ्या पत्रात थोरल्या बहिणीला पहिलाच प्रश्न, "म्बाक, फोन का लागत नाही?" अगं बाई, फोन असेल तर लागेल ना! एक सारवोनोनं दगडानं ठेचला, दुसरा भाताच्या खाचरात पुरला. त्याला छळणारे ते दोघं फोनमधूनच बोलतात म्हणे. त्यामुळे घरात फोन नाही आणि येणारही नाही. तू तिकडे तैवानात बसून कितीही बटणं दाब. पत्र लिही, आरोग्य केंद्राच्या पत्त्यावर टाक, आणि अक्षर जरा मोठं काढ.

आता खरी बातमी. सारवोला सोडला, वुर! आपल्या धाकट्याला मी खोड्यातून बाहेर काढला. आईनं त्याला अडकवला तेव्हा तू ताइचुंगला जायची बॅग भरत होतीस. मग आई गेली, खोडा राहिला. फणसाच्या ओंडक्याला भोक, त्यात त्याचा डावा पाय, आणि मी रोज ताट सरकवायचे, अंग पुसायचे. एवढी वर्षं तेच. तो पाय आता बघशील तर रडशील. बांबूची काठी परवडली.

नवी नर्स आली आहे, बू रेत्नो. पोरगी आहे अजून, पण तोंडानं खमकी. गोळ्या सुरू केल्या, दोन महिने स्वतः येऊन गिळायला लावल्या. त्यांनी त्याची लाळ गळते, हात थरथरतात, दिवसभर पेंगतो. मग म्हणाली, "कुलूप काढा." मी म्हटलं, तुम्ही इथं राहत नाही म्हणून बोलता. ती म्हणाली, "गोळ्यांनी आवाज दबले, पण माणूस लाकडासारखा बसून आहे त्याचं काय? ह्याला घाम यायला हवा. शुक्रवारच्या सेनामला आणा." तुला आठवतं ना आपलं सेनाम, शाळेत रांगेत उभं करून करायला लावायचे ती कवायत? आता पंचायतीच्या मैदानात गावातल्या बायका करतात. गुलाबी टी-शर्ट घालून, शिट्टी तोंडात धरून पुढे उभ्या असतात आपल्या बू लुराह, गावप्रमुखांची बायको. गाणी डांगडुटची, आवाज असा की मेलेला उठून नाचेल.

गावप्रमुखांनी, पाक लुराहनी, मात्र सगळ्यांसमोर अट घातली. "कासियाती, ह्यानं गावात एकालाही हात लावला तर पुन्हा खोडा. आणि तो तू घालायचा, तुझ्या हातानं." मी खोडा जाळायला निघाले होते, तोही जाळू दिला नाही. स्वयंपाकघरामागे उभा करून ठेवला आहे.

पहिल्या शुक्रवारी नेला. बायका दोन हात मागे सरकल्या. हा मैदानाच्या कडेला आंब्याला धरून उभा. बू लुराह ओरडल्या, "डावा! उजवा! डावा!" आणि ह्यानं डावा उचलला, उजवा उचलला आणि धपकन बसला. एक बाई हसली. मग तोही हसला गं. किती वर्षांनी ते दात दिसले, अर्धे पडलेत. मी घरी येऊन विकायच्या पेचेलच्या शेंगदाण्याच्या चटणीत दोनदा मीठ घातलं, गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या.

तुझी,
कासियाती


ताइचुंग
३ मार्च २०१६

म्बाक,

पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. इथं रडायला तीच जागा आहे. आमा, म्हणजे मी जिची सेवा करते ती म्हातारी, दारावर काठी ठोकत होती. तिला वाटलं मी पडले.

तू सोडलंस त्याला. मी किती पत्रांत हेच मागत होते! माझ्या भावाला लाकडात अडकवून ठेवलंय आणि मी परक्या म्हातारीचे पाय चेपतेय, ह्या विचारानं घास उतरत नव्हता.

एक सांगू? रागावू नकोस. रोज सकाळी मी आमाला चाकाच्या खुर्चीतून बागेत नेते. तिथं म्हातारी माणसं गाणी लावून व्यायाम करतात. त्यातल्या एका बाईचा मुलगा सारवोसारखाच आहे. ती म्हणाली, जोरात चालायला, पळायला लागल्यापासून तो पुष्कळ सुधारला. मग त्या गोळ्या कशाला, म्बाक? तूच लिहिलं होतंस, गोळ्यांनी त्याची लाळ गळते, हात थरथरतात, दिवसभर पेंगतो. व्यायामानंच बरा होत असेल तर ते विष बंद कर ना. आणि तो खोडा जाळून टाक. लुराहला काय कळतं?

मी बूट पाठवते. चांगले, उड्या मारायला मऊ तळवे असलेले. माप कळव.

वुर्यानी


कारांगसेमी
२५ मार्च २०१६

दीक,

तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस. गोळ्या बंद म्हणे! तुझ्या बागेतल्या बाईचा मुलगा गोळ्या घेतो की नाही, ते विचारलंस का? नाही ना? तेव्हा पत्र घेऊन बू रेत्नोकडे गेले. ती म्हणाली, "सेनाम गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही. भाताबरोबर भाजी असते, म्हणून कोणी भात सोडतं का?" लाळ गळते म्हणून तिनं एक गोळी बदलून दिली आहे. कळलं? आता पुन्हा हा विषय काढलास तर मी उत्तर देणार नाही.

बाकी तुझा भाऊ ऐट करायला लागलाय. आता शुक्रवार पुरत नाही. बू रेत्नोनं त्याला आणखी दोन दिवस नेमून दिलेत. त्या दिवशी तो कालव्याच्या काठानं भराभर चालतो आणि मी मागे टोपली घेऊन धावते. तिचा नियम असा की चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं तर समजायचं, आळशीपणा चाललाय. सारवो मुद्दाम गाऊन दाखवतो आणि मग मला म्हणतो, "म्बाक, तू तर बोलतही नाहीयेस. तुला गोळी लागेल."

परवा मी त्याला विचारलं, ते दोघं अजून बोलतात का? म्हणाला, बोलतात. मग म्हणाला, "पण मला धाप लागली की त्यांनाही लागते. त्यांना वाक्य पुरं करता येत नाही."

मला हसावं की रडावं कळेना. तू लिहायला सांगितलंस म्हणून लिहिते: बेचाळीस नंबर. पाय बारीक झाला तरी पंजा बापाचाच आहे.

कासियाती


ताइचुंग
१९ एप्रिल २०१६

म्बाक,

विचारलं त्या बाईला. मुलगा गोळ्या घेतो. तू बरोबर, मी मूर्ख. झालं समाधान?

बूट पाठवले आहेत, निळे. "त्यांनाही धाप लागते" हे मी आमाला तिच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, तिच्या बहिणीला घरच्यांनी मागच्या खोलीत ठेवलं होतं, मरेपर्यंत. आजवर तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे.

वुर


कारांगसेमी
९ जून २०१६

दीक वुर्यानी,

बूट आले! निळे कसले, विजेसारखे आहेत. सगळं गाव बघून गेलं. सारवो ते घालून झोपायला निघाला होता.

आज चौथा रोजा. आणि ऐक, बसून ऐक. सारवोनंही धरलेत.

मी म्हटलं नव्हतं हं. तोच म्हणाला. रमजानच्या आदल्या दिवशी आम्ही आईबाबांच्या कबरींवर फुलं वाहायला गेलो होतो. शेजारचा काका, लीक तुकिरान, आला होता. तो सहज म्हणाला, "तुला काय रे, तुझी मजा आहे. लहान पोरांना आणि वेड्यांना रोजा माफ." तुला माहीत आहे लीकची जीभ, मनात काही नसतं. घरी आल्यावर सारवो म्हणाला, "म्बाक, मला सहरीला उठव. मी करणार."

काय सांगू तुला मला काय झालं! आपल्या घरावर इतकी वर्षं लोकांनी बोट दाखवलं. आता माझा भाऊ मशिदीत रांगेत बसतो, बांग होईपर्यंत खजुराला हात लावत नाही. पहिल्या दिवशी बांग देणाऱ्या मोदीननं स्वतः त्याला पेला भरून दिला. मी बायकांच्या बाजूनं पडद्याच्या फटीतून बघत होते आणि नाक पुसत होते.

बू रेत्नो बाळंतपणाला माहेरी गेली आहे. तिच्या जागी आलेला माणूस आठवड्यातून एकदा येतो, सही करून जातो. गोळ्या मी सहरीला आणि इफ्तारला देते, दुपारची तेवढी गाळली. सेनाम महिनाभर बंद आहे, दरवर्षी असतंच. उपाशीपोटी कोण उड्या मारणार? झोप जरा कमी होते. पोरं पहाटे ढोल बडवत फिरतात ना सगळ्यांना उठवायला. पण महिन्याचाच तर प्रश्न आहे.

आई असती तर!

कासियाती


ताइचुंग
२१ जून २०१६

म्बाक,

मी सगळ्यांना सांगितलं. रविवारी स्टेशनासमोर आपल्याकडच्या मुली जमतात, त्यांना जिलबी वाटावी तशी ही बातमी वाटली म्हण ना. ज्यांना मी आजपर्यंत "मला एकच बहीण" म्हणून सांगत आले होते, त्यांनाही सांगितलं. भाऊ आहे मला. रोजे करतो.

आणि मालकिणीनं सुट्टी कबूल केली आहे! ऑगस्टच्या सुरुवातीला येते, दोन आठवडे. मला त्याच्यासोबत मैदानात सेनाम करायचं आहे. इफ्तारचा एक फोटो पाठव, बूट घातलेला. कुणाच्याही फोनवर काढ, तो बघत नसताना.

पहाटेच्या सहरीला तुमची आठवण काढते.

वुर


कारांगसेमी
३० जून २०१६

दीक वुर्यानी,

पत्र मिळालं. सगळे ठीक आहेत. फोटोचं जमलं नाही. बूट कोरड्या जागी ठेवले आहेत. सारवो सध्या घरीच असतो. ईदला गर्दी फार, तिकिटं महाग, ऑगस्टमध्ये ऊनही असतं. पुढच्या वर्षी आलीस तरी चालेल. आमाला सलाम सांग.

कासियाती


ताइचुंग
११ जुलै २०१६

म्बाक,

ईद मुबारक. माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ कर. हे रीतीचं झालं, आता मनातलं.

तुझं पत्र मी दहादा वाचलं. तू कधी आठ ओळींत मावली आहेस का? मोदीनची शेळी व्याली तरी तू दोन पानं लिहितेस. आणि ऑगस्टमध्ये ऊन असतं? मी काय लंडनची आहे?

"सारवो घरीच असतो." घरी कुठं, म्बाक? पुढच्या खोलीत की मागे?

तू त्याला परत अडकवलंस का? हो की नाही, एवढंच लिही. अडकवलं असशील तर मला बहीण नाही असं मी समजेन. मी ऑगस्टच्या सहा तारखेला येते आहे, तू नको म्हणालीस तरी.

वुर्यानी


कारांगसेमी
२० जुलै २०१६

वुर्यानी,

हो.

आता पुढचं वाच किंवा फाडून टाक.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याची झोप उडाली. मला वाटलं, ढोलामुळे. तो माझ्याकडे बघेनासा झाला, कोपऱ्यात बसून पुटपुटायचा. मला वाटलं, दुवा मागतोय. वुर, मला खरंच तसं वाटलं! मी लीकच्या बायकोला सांगितलंसुद्धा, किती भक्ती आलीय बघा पोराला. त्याच्या उशीच्या खोळीत गोळ्या नंतर सापडल्या. जिभेखाली धरून मागाहून काढायचा. रोजे धरणारा माणूस शहाणा, आणि शहाण्याला गोळी कशाला, असा त्याचा हिशेब. आणि मी? मी त्याच्या तोंडात बोट घालून बघायचं सोडलं होतं, कारण शहाण्या भावाच्या तोंडात कोणी बोट घालत नाही.

त्या संध्याकाळी इफ्तारला मशिदीत सगळे बसले होते. लीक तुकिराननं इफ्तारची वेळ झाल्याचा नगारा वाजवायला दांडा उचलला. दोन ठोके पडले. सारवो उठला, त्याच्या हातून दांडा हिसकावला आणि लीकच्या खांद्यावर घातला. तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मी पडद्याआडून ऐकला. लीकच्या हातातला खजूर तसाच होता.

पाक लुराह नुसते माझ्याकडे बघत राहिले. सारं गाव माझ्याकडे बघत होतं. मी घरी गेले, ओंडका ओढत गोठ्यात नेला. कोणी हात लावला नाही. मला वाटलं होतं तो झटापट करेल. त्यानं काय केलं माहीत आहे? खाली बसला, निळा बूट काढला आणि डावा पाय स्वतःच पुढे केला.

तू मला बहीण नाही म्हणालीस. बरं. पण तो पाय तुझ्यासमोर पुढे केला नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं.

ये, यायचं तर. फोन मात्र घरात आणू नकोस. एवढं एक ऐक.

कासियाती


ताइचुंग
२८ ऑगस्ट २०१६

म्बाक,

विमानतळावर तू माझा हात धरलास आणि आपण दोघी काही बोललो नाही. म्हणून आता लिहिते. सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझ्याखेरीज त्या क्षणी तिथं कोणी नव्हतं.

मी आले तेव्हा तू बाजारात होतीस. मी बॅगही खाली ठेवली नाही, आधी खोडा उघडला. तू आल्यावर मी तुला अंगणात, लोकांसमोर, काय काय बोलले. राक्षसीण म्हणाले. तू टोपली ठेवलीस आणि म्हणालीस, "भात खाऊन घे." त्या वेळी मला वाटलं, हिला काळीजच नाही.

चार दिवस मी गाणी लावून त्याच्याबरोबर नाचले. तो घामाघूम व्हायचा, मला म्हणायचा, "तू तैवानात जाड झालीस." मी मनात म्हटलं, बघा, हिला नुसतं जमत नव्हतं. गोळ्या तू हातावर ठेवायचीस. मी म्हणायचे, राहू दे गं, माझ्यासमोर घेईल. त्यानं घेतल्या की नाही, मी बघितलं नाही.

आणि फोन. मी आणला होता, म्बाक. आवाज बंद करून पिशवीत तळाशी ठेवला होता. आमाची तब्येत बरी नव्हती, मालकीण कधीही फोन करेल अशी भीती होती. पाचव्या दिवशी दुपारी मी भाजी चिरत होते. पिशवी थरथरली. बस, तेवढंच. त्यानं ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातला सुरा त्यानं हळूच काढून घेतला, हिसकावला नाही. माझ्याजवळ बसला आणि इतक्या मायेनं म्हणाला, "म्बाक, हलू नकोस. ते तुझ्या कानात शिरलेत. मी काढतो. दुखणार नाही."

त्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. आई उवा काढायची ना, तसं. सुऱ्याचं टोक कानाला लागत होतं. मी त्याला म्हटलं, सारवो, आधी सेनाम करू, त्यांना धाप लागू दे, मग काढ. कुठून सुचलं मला ठाऊक नाही. तो उठला. मी "डावा, उजवा" म्हणत मागे मागे गोठ्यापर्यंत गेले, तो माझ्यामागे पाय उचलत आला. आणि तिथं मी म्हटलं, बस. बसला. पाय पुढे कर. केला.

खटका मी दाबला. तू नव्हतीसच घरात. माझ्या हातानं तो बंद झाला, म्बाक. त्याला वाटलं हाही व्यायामाचाच भाग आहे. तो हसत होता.

तुला जे बोलले ते परत घेता येत नाही. माझ्या कानामागे अजून खपली आहे. मालकिणीला सांगितलं, झाडाची फांदी लागली.

त्याला पुन्हा सोडशील का? मला विचारायचा हक्क नाही. तरी विचारते.

वुर


कारांगसेमी
३ ऑक्टोबर २०१६

दीक वुर्यानी,

हक्क नाही म्हणे. तुझा भाऊ आहे तो, विचारणार नाहीस तर काय करशील? आणि राक्षसीण म्हणालीस ते काही खोटं नव्हतं. माझे केस बघितलेस ना?

बू रेत्नो परत आली, काखेत पोर घेऊन. मला वाटलं शिव्या देईल. तिनं उशीच्या खोळीतल्या गोळ्या बघितल्या आणि म्हणाली, "चूक माझीही. रमजानचं काय करायचं हे मी सांगून जायला हवं होतं." आता महिन्याला एक इंजेक्शन, ते थुंकता येत नाही. दुपारी एक गोळी, हाताच्या थरथरीसाठी. आणि म्हणाली, सेनाम सुरू करा. मी म्हटलं, खोड्यात? ती म्हणाली, "हात मोकळे आहेत ना?"

मला मैदानात तोंड दाखवायची लाज वाटत होती, मी गेलेच नव्हते. एका शुक्रवारी बू लुराह शिट्टी गळ्यात तशीच ठेवून विचारायला आल्या, "कासियाती, तू का येत नाहीस?" तेवढ्यात त्यांना गोठ्यात काही दिसलं. लांबून मैदानातलं गाणं ऐकू येत होतं. सारवो बसल्या बसल्या दोन्ही हात वर, बाजूला, वर, असे करत होता. एक पाय लाकडात आणि दुसऱ्याची टाच ताल धरतेय. चेहरा घामानं डबडबलेला. बू लुराह दाराला धरून उभ्या राहिल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे किती झालं ते समज.

पुढच्या शुक्रवारी स्पीकर आपल्या अंगणात! सगळ्या बायका गुलाबी टी-शर्टात, माझ्या मिरच्यांच्या वाफ्यावर नाचतायत. मी ओरडले, माझ्या मिरच्या! कोण ऐकतंय? आठवड्यामागून आठवडे तसंच चाललं. पाक लुराहना बायकोनं घरी काय ऐकवलं ठाऊक नाही, पण ते आले आणि म्हणाले, "मी अडवत नाही. पण तुकिरान म्हणेल तेव्हाच उघडायचं. मार त्यानं खाल्लाय."

लीक तुकिरान कुंपणापलीकडे बसून सगळं बघायचा, हात झोळीत. मी त्याच्याकडे गेले नाही. कोणत्या तोंडानं जाऊ? परवा तोच आला. गोठ्याच्या दारात उभा राहिला. सारवो खाली बघत म्हणाला, "लीक, खांदा दुखतो?" लीक म्हणाला, "दुखतो तर. रात्री त्या कुशीवर वळता येत नाही. पण हे तुमचं डांगडुट भिंतीपलीकडून ऐकून माझं डोकं त्याहून जास्त दुखतं. कासियाती, उघड ते आणि ह्याला घेऊन मैदानात जा बाई, माझ्या कानाला विश्रांती दे."

मी उघडला. वुर, मी घाबरले होते. अजूनही घाबरते. सुऱ्या कुलपात आहेत. आणि खोडा मी जाळलेला नाही, तू विचारशील म्हणून सांगते. ताडपत्रीखाली ठेवलाय, वाळवी लागू नये म्हणून. जाळायला हात होत नाही. तुला काय वाटायचं ते वाटू दे.

कासियाती


कारांगसेमी
२९ मे २०१७

दीक,

आज तिसरा रोजा. तू गेल्या पत्रात घाबरत घाबरत विचारलंस, यंदा काय करणार? मी सांगते काय झालं.

मी आणि बू रेत्नोनं ठरवलं होतं की त्याला समजावायचं. मी आठवडाभर वाक्यं जुळवत होते. कसं सांगायचं गं? गेल्या वर्षी त्या रांगेत बसलेला त्याचा चेहरा मी बघितला होता. त्याला सांगायचं की तू त्यांच्यातला नाहीस?

मला सांगावंच लागलं नाही. पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी बुटाच्या नाड्या सोडता सोडता तोच म्हणाला, "म्बाक, ह्या वर्षी मला सहरीला उठवू नकोस. मला झोप हवी." मी हं म्हटलं. मग म्हणाला, "दुपारी भात लागेल. गोळी उपाशीपोटी घेता येत नाही."

पहिल्या दिवशी दुपारी मी ताट वाढलं, तळलेलं सोयाबीनचं तेंपे, पालेभाजी, सांबलची चटणी. सारं गाव उपाशी, रस्ता सुनसान. मी पुढचं दार लोटून घेतलं आणि पडदाही ओढला. उगाच कोणी बघायला नको, कोणी हसायला नको. मी आधीच ताटाकडे पाठ करून बसले होते, मलाही भूक लागली होती.

तो उठला, ताट उचललं, दार उघडलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. मी म्हटलं, अरे, आत बस ना, लोक काय म्हणतील! म्हणाला, "तेच म्हणू दे."

त्याच वेळी लीक तुकिरान नमाजाहून परत येत होता. थांबला. गेल्या वर्षी ह्यानंच जीभ सैल सोडली होती. लीकनं ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "काय रे सारवो, एकटाच जेवतोस?"

सारवोनं घास गिळला. लीकच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "वेडा आहे मी, लीक. मला माफी आहे."

लीकनं तो मोडका खांदा चोळला. मग म्हणाला, "नीट जेव. संध्याकाळी उड्या मारायच्यात ना तुला?" कारण बू लुराहनी यंदा सेनाम बंद ठेवलेलं नाही. इफ्तारच्या आधी तासभर असतं. चार-पाचच जणी येतात, जांभया देत, वाळल्या ओठांनी, ह्याला शिव्या घालत. गाणी हळूच लावतात. पण येतात.

लीक गेल्यावर मी त्याच्या मागे येऊन उभी राहिले. त्याचा डावा पाय उंबऱ्याबाहेर पसरलेला होता, घोट्याभोवतीचा तो काळा वळ उन्हात स्पष्ट दिसत होता. मला त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, ठेवला नाही. नुसतं विचारलं, "भात वाढू अजून?"

"वाढ," म्हणाला. "आणि दार उघडंच राहू दे."

मी राहू दिलं. त्यानं दुसऱ्यांदा घेतलेला भातही संपवला, गोळी घेतली, तोंड उघडून मला जीभ दाखवली आणि ताट धुऊन पालथं घातलं.

तुझी,
कासियाती